नाच्या : भूमिका आणि नर्तक
(भंडारा जिल्ह्यातील खडी गंमतीच्या संदर्भात एक पुनर्विचार)

झाडीपट्टीच्या लोकरंगभूमीविषयी मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात खडी गंमतीची ओळख साधारणतः एका ठरावीक पद्धतीने करून दिली जाते. शाहीर, डफवाला, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, जोकर आणि नाच्या असा संच सांगितला जातो. गण, गवळण, लावणी, झगडा, पोवाडा असा प्रयोगाचा आराखडा दिला जातो. शाहिराच्या रचनांची उदाहरणे येतात, त्यांच्या चालींची चर्चा होते, गुरुपरंपरेचा उल्लेख होतो. नाच्याच्या वाट्याला मात्र बहुधा एकच वाक्य येते : स्त्रीवेष धारण करून नाचणारा पुरुष म्हणजे नाच्या. ही व्याख्या चुकीची नाही. पण तिच्यात वेषाचा निर्देश आहे, नाचाचा नाही. ज्याच्या पायांवर प्रयोगाची निम्मी मदार असते, तो नेमका काय नाचतो, हा प्रश्न समीक्षेने फारसा विचारलेलाच नाही. पुरुषाने नृत्य हा जीवनव्यवसाय म्हणून स्वीकारण्याकडे समाज ज्या नजरेने पाहतो, तीच नजर अभ्यासकांच्या लेखनातही नकळत उतरली असावी, असे म्हणण्यास जागा आहे.

भंडारा जिल्ह्याचा संदर्भ या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत वैनगंगेच्या खोऱ्यातील हा सगळा धानपट्टा प्रशासकीयदृष्ट्या एकच होता, आणि लोककलेच्या दृष्टीने तो आजही एकच आहे. दिवाळीत भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. हलका धान निघालेला असतो, भारी धान अजून उभा असतो. हातात थोडा पैसा आणि थोडी फुरसत असते. या दिवसांत दंडार आणि खडी गंमत यांना मागणी असते. साकोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचा आणि एकूणच झाडीबोलीचा जो अभ्यास उभा केला, त्यामुळे या कलाप्रकारांना मराठी वाङ्मयविचारात हक्काची जागा मिळाली. दंडारीतही स्त्रीपात्रे पुरुषच करीत आले आहेत. परंतु दंडार हे मुख्यतः गावाने मिळून केलेले, पात्रांचे नाट्य आहे. खडी गंमतीत नाच्या हा संचातला ठरलेला कलावंत असतो, आणि नृत्य हेच त्याचे काम असते. म्हणून येथे विचार खडी गंमतीपुरताच केला आहे.

'खडी' म्हणजे उभी. प्रयोगाला रंगमंच लागत नाही, पडदा लागत नाही, नेपथ्य तर नाहीच. मोकळ्या जागेत कलावंत उभे राहतात आणि भोवती लोक बसतात. या एका गोष्टीचा नर्तकावर होणारा परिणाम मोठा आहे. रंगमंचावरील नर्तकाला एक पुढची आणि एक मागची बाजू असते. चुकलेले पाऊल तो बाजूला वळून लपवू शकतो. खडी गंमतीच्या नाच्याला पाठ नाही. त्याला सर्व दिशांनी एकाच वेळी पाहिले जाते, आणि तेही मंडईच्या दिवशी भर उन्हात, प्रकाशयोजनेच्या कोणत्याही आधाराशिवाय. शाहीर एक कडवे म्हणतो, मागचे साथीदार ध्रुपद उचलतात आणि त्या उचललेल्या ओळीवर नाच्या फिरतो. डफाचा ठोका जाड आणि ढोलकीचा बोल बारीक. पायातले चाळ या दोहोंपैकी कशाशी जुळवून घ्यायचे, हे त्याला क्षणोक्षणी ठरवावे लागते. गवळणीत तो मथुरेच्या बाजाराला निघालेली गौळण असतो आणि वाट अडवणाऱ्या पेंद्याला त्याला बोलण्यातूनही उत्तर द्यावे लागते. म्हणजे पाय तालात, डोळे प्रेक्षकांत आणि जीभ जोकराच्या कोटीला उत्तर देण्यात गुंतलेली. ही तिहेरी कसरत पाहिल्यावर 'स्त्रीवेष धारण करून' हे वर्णन किती अपुरे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तरीही हे वर्णन टिकून राहिले, याचे एक कारण नाच्या या शब्दाच्या इतिहासात सापडते. पेशवाईच्या उत्तरकाळातील तमाशात नाच्या पोऱ्या हाच नर्तक होता. पुढे एकोणिसाव्या शतकात तमाशाच्या फडात स्त्रिया उभ्या राहू लागल्या. या संदर्भात पवळा हिवरगावकर यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. नृत्याची जागा स्त्रीने घेतल्यानंतर नाच्याला फडातून काढून टाकले गेले नाही, पण त्याचे काम बदलले. तो नर्तक उरला नाही. नाचणाऱ्या स्त्रीच्या शेजारी उभा राहून लचकणारा, मुरडणारा, टाळी वाजवून विनोद करणारा पूरक नट झाला. मूळ कौशल्य गेले आणि हावभाव तेवढे शिल्लक राहिले. झाडीपट्टीच्या खडी गंमतीत हे स्थित्यंतर त्या काळी झाले नाही. येथे स्त्रिया दीर्घकाळ उभ्या राहिल्या नाहीत, आणि म्हणून नाच्या हा विनोदाचा पूरक नव्हे, तर प्रमुख नर्तक म्हणूनच राहिला. एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन वेगळ्या व्यक्तिरेखा आहेत. पश्चिम महाराष्ट्रातील तमाशावरून घेतलेली कल्पना भंडाऱ्याच्या नाच्याला लावली की तो जे करतो ते दिसत नाही, आणि जे करीत नाही ते दिसू लागते.

या घोटाळ्याला चित्रपटाने मोठा हातभार लावला. गणपत पाटील (१९२०–२००८) यांनी मराठी तमाशापटांतून रंगवलेला नाच्या इतका ठसठशीत होता, की तो शब्द उच्चारताच अवघ्या महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर त्यांचीच छबी उभी राहू लागली. त्यांची निरीक्षणशक्ती आणि विनोदाची जाण यांविषयी दुमत नाही. परंतु ती छबी दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे नृत्य गमावून बसलेल्या नाच्याची होती. भूमिकेचा शिक्का त्यांना स्वतःलाही पडद्याबाहेर पुसता आला नाही. ज्या नटाची ही गत झाली, त्याच्या प्रतिमेचा भार खेड्यापाड्यातील अनाम कलावंतांवर किती पडला असेल, याचा अंदाज करता येतो.

डॉ. आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीने आणि तिच्यावर आधारित, रवी जाधव दिग्दर्शित, १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झालेल्या चित्रपटाने या विषयाला प्रथमच गांभीर्याने हात घातला. शेतमजूर गुणा पिळदार शरीराचा आहे. त्याला राजाची भूमिका करण्याची आस आहे. फड उभा करताना मात्र त्यात नाच्या असलाच पाहिजे अशी अट येते, कोणी तयार होत नाही, आणि अखेर तोच ती भूमिका पत्करतो. त्यानंतर त्याची होणारी कुचेष्टा, घराचे तुटणे, त्याच्यावर होणारा अत्याचार हा सारा भाग प्रेक्षकाला हादरवतो. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी आपल्या शरीरात घडवलेला बदल हा अभिनयसाधनेचा उत्तम नमुना मानला गेला, आणि ते योग्यच आहे. मराठी प्रेक्षकाला नाच्याकडे हसण्याऐवजी सहानुभूतीने पाहावयास लावण्याचे श्रेय या कलाकृतीला निःसंशय द्यावे लागेल.

पण या सहानुभूतीचा पाया तपासून पाहिला पाहिजे. चित्रपट प्रेक्षकाला वारंवार कशाची आठवण करून देतो? गुणा मूळचा मर्दगडी आहे, नवरा आहे, बाप आहे. तो 'तसा' नाही, ही ती आठवण होय. म्हणजे बायकी हावभाव असणारा पुरुष हसण्याचाच विषय आहे, गुणा मात्र त्यांतला नाही, असा हा युक्तिवाद होतो. एका माणसाची सुटका होते आणि शिक्का जागच्या जागी राहतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नाच्यावरील या चित्रपटातून प्रेक्षकांच्या स्मरणात राहिलेली नृत्ये सोनाली कुलकर्णी यांची 'अप्सरा आली' आणि अमृता खानविलकर यांची 'वाजले की बारा' ही होत. गुणाचे दुःख लक्षात राहते, त्याचा नाच राहत नाही. नाच्या होणे म्हणजे काहीतरी गमावणे, हे कथानकाने गृहीत धरले आहे. नाच्या होणे म्हणजे काहीतरी शिकणे, ही शक्यता तेथे उमलतच नाही. कोल्हापूरकडच्या फडाची ही कथा आपल्या जागी खरी असेल. भंडाऱ्याच्या मंडईत उभा राहणारा नाच्या मात्र नाइलाजाने पत्करलेल्या अपमानातून नव्हे, तर वस्तादाच्या हाताखाली पाय घोटून घडत आला आहे.

भाषेकडे पाहिले तरी हाच पूर्वग्रह दिसतो. मराठीत 'नृत्य' प्रतिष्ठित आहे, 'नाच' नाही. नवरा बायकोच्या तालावर नाचतो, पुढारी कार्यकर्त्यांना नाचवतो, सत्तेचा नंगानाच चालतो, रागावलेला माणूस थयथयाट करतो. नाचाशी जोडलेले हे सगळे प्रयोग निंदेचे आहेत. 'नाच्या' या शब्दातील प्रत्ययही 'सोंगाड्या', 'तोतऱ्या' यांच्या पंक्तीत बसणारा, सलगीचा आणि हिणवणारा. याउलट संगीत नाटकातील पुरुषाने स्त्रीभूमिका केली, तर त्याला 'स्त्रीपार्टी' असा खास शब्द मिळाला. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७), यांच्या नेसण्याचे, अलंकारांचे आणि चालण्याचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी केले. त्यांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि पुण्यातील रंगमंदिराला त्यांचे नाव दिले गेले. त्यांच्या गाण्याची थोरवी निर्विवाद आहे. परंतु पुरुषाने लुगडे नेसणे हा आक्षेपाचा मुद्दा असता, तर तो त्यांच्याही बाबतीत तितक्याच तीव्रतेने उपस्थित झाला असता. तसे झाले नाही. आक्षेप केवळ वेषावर नाही; वेष कोणत्या जातीच्या, कोणत्या वर्गाच्या, कोणत्या जागी उभ्या असलेल्या माणसाने केला आहे, यावर तो ठरतो. तिकीट काढून पाहिलेला स्त्रीवेष ही कला आणि उघड्यावर पाहिलेला स्त्रीवेष हा चाळा, अशी ही विभागणी आहे.

येथे उलट बाजूने येणारा एक आक्षेपही विचारात घ्यावा लागतो. नाच्या हा लिंगभावाच्या चौकटी मोडणारा बंडखोर होता, असे अलीकडे काही वेळा उत्साहाने म्हटले जाते. हे मान्य करता येत नाही. नाच्याची जागा निर्माण झाली ती स्त्रीला त्या जागी उभे राहण्यास मनाई होती म्हणून. पुरुषाला मिळालेली ही मोकळीक स्त्रीच्या बंदीतून आलेली आहे, हे विसरून तिचा गौरव करणे इतिहासाला धरून होणार नाही. शिवाय परंपरेने त्याला गौळण होण्याची परवानगी दिली होती ती भक्तीच्या चौकटीत. संत एकनाथांच्या गवळणींतून पुरुष कवी गोपीच्या तोंडून बोलतो, हे मराठी मनाच्या अंगवळणी पडले होते. नाच्या त्या वाणीला शरीर देत होता. कलगी-तुऱ्याच्या झगड्यातही असेच आहे. तुरेवाले शिवाला थोर मानणारे, कलगीवाले शक्तीला. पुरुष थोर की प्रकृती थोर, याचा वाद रात्र रात्र चालायचा; तो वाद गाणारे दोन्हीकडचे शाहीर पुरुष, आणि शक्तीच्या बाजूने नाचणाराही पुरुषच. स्त्रीतत्त्वाची एवढी चर्चा चाललेल्या त्या रिंगणात स्त्रीला प्रवेश नव्हता, हा विरोधाभास नजरेआड करता येणार नाही.

मग प्रथेची खरी सीमा कोठे आहे? पुरुषाने नाचण्याला भंडाऱ्याच्या खेड्याचा कधीच विरोध नव्हता. दिवाळीत गोवारी नाचतात, दंडारीत गडी नाचतात, दिंडीत वारकरी पावली घालतात, लेझीम तर पुरुषार्थाचेच प्रदर्शन मानले गेले. यांतले बरेचसे नृत्य समूहाचे, सणापुरते आणि देवाच्या नावाने केलेले असते. नाच्याही हंगामापुरताच नाच्या असतो. मंडई आटोपली की तो धान कापायला जातो. विरोध सुरू होतो तो एखादा तरुण एकटा, हंगामाबाहेर, देवाच्या किंवा गावाच्या निमित्ताशिवाय नाचू इच्छितो तेव्हा. नृत्य ही आपली विद्या आहे, तिच्यावर आपले पोट चालावे, असे तो म्हणतो तेव्हा. त्या क्षणी मुलगी कोण देणार, हा प्रश्न घरात उभा राहतो. भूमिका मान्य होती. नर्तक मान्य नव्हता. मुलगा नर्तक होऊ पाहतो तेव्हा मोडली जाणारी चौकट हीच आहे, आणि ती लुगड्याच्या चौकटीपेक्षा बरीच चिवट आहे.

महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत हे दृश्य दरवर्षी दिसते. मुलगा साडी नेसून विनोदी नाच करतो तेव्हा सभागृह डोक्यावर घेतले जाते. तोच मुलगा गंभीरपणे कथक किंवा भरतनाट्यम् करू लागला की मागच्या रांगांतून शिट्ट्या सुरू होतात. पहिल्या प्रसंगी तो नाचाची थट्टा करीत असतो म्हणून प्रेक्षक निर्धास्त असतात. दुसऱ्या प्रसंगी तो नाचत असतो. वस्तुतः शास्त्रीय नृत्याची परंपरा पुरुषांना परकी नाही. कथकच्या घराण्यांत विद्या पित्याकडून पुत्राकडे आली. नृत्याचा सविस्तर विचार करणारा शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने, म्हणजे याच भूमीत, सिद्ध झाला. विसाव्या शतकात गुरू पार्वतीकुमार या मराठी माणसाने भरतनाट्यम् हे आपले जीवितकार्य मानले आणि तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी निरूपणांचा शोध घेऊन ती पुन्हा रंगमंचावर आणली. मराठी पुरुषाने, मराठी राजाच्या मराठी रचना, नृत्यात उभ्या केल्या. तरी मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हे नाव क्वचितच सांगितले जाते.

झाडीपट्टीच्या पूर्वेला लागून असलेल्या छत्तीसगडची तुलना येथे उद्बोधक ठरते. तेथील नाचा या लोकनाट्यातही स्त्रीवेषधारी पुरुष नाचतो, पण त्याचे नाव 'परी' आहे. शब्दातच फरक आहे. हबीब तन्वीर (१९२३–२००९) यांनी नाचाचे कलावंत आपल्या नाट्यसंस्थेत घेतले, त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू दिले आणि फिदाबाई मरकाम यांच्यासारख्या स्त्रियांनाही त्याच रंगमंचावर आणले. स्त्री आली म्हणून पुरुष कलावंतांची किंमत घटली नाही. कारण त्यांच्याकडे वेषामुळे नव्हे, तर कौशल्यामुळे पाहिले जात होते. खडी गंमतीला असा रंगकर्मी लाभला नाही. वडसा येथून चालणाऱ्या झाडीपट्टी रंगभूमीची उलाढाल वाढली. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने या रंगभूमीचे नाव देशभर झाले. पण तो मान नाटकाचा आहे. त्या नाटकातील स्त्रीभूमिका एके काळी पुरुष करीत, पुढे बाहेरून अभिनेत्री येऊ लागल्या, आणि स्त्रीपात्री नटाची गरज संपली. खडी गंमतीच्या काही संचांतही आता स्त्रिया उभ्या राहतात. हे योग्यच आहे आणि ते फार आधी व्हावयास हवे होते. मात्र तमाशात दीड शतकापूर्वी जे घडले तेच येथे पुन्हा घडण्याचा संभव आहे : नृत्य स्त्रीकडे जाईल आणि नाच्याकडे फक्त मुरडणे उरेल. नर्तक म्हणून ज्याची कधी नोंद झाली नाही, त्याला विदूषक करून टाकणे सोपे असते.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. नाच्याचा सन्मान करण्याच्या नादात तो तृतीयपंथी नव्हेच, असे ठासून सांगण्याची घाई काही लेखनात दिसते. बहुसंख्य नाच्ये घरसंसार करणारे शेतकरी व शेतमजूर असतील. काहींना त्या वेषात आपली खरी ओळखही सापडली असेल. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींची स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला आहे. समीक्षकाने ती ठरवण्याचे कारण नाही, आणि 'नटरंग'प्रमाणे पुरुषत्वाचा दाखला जोडून मान मिळवून देण्याचे तर मुळीच नाही. कलावंताच्या बाबतीत विचारावयाचे ते त्याच्या पायांविषयी विचारावे.

ते विचारण्याची साधने अजून हाती आहेत. भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर, पवनी या सातही तालुक्यांत महाविद्यालये आहेत आणि मंडई त्यांच्या दारातच भरते. आजवर संकलन झाले ते प्रामुख्याने शब्दांचे. शाहिराच्या रचनेला शेवटच्या कडव्यात त्याची नाममुद्रा असते. वही फाटली, चाल विसरली, तरी त्या एका ओळीमुळे कर्ता, त्याचा गुरू आणि कधी कधी गावही कळते. नाच्याला अशी नाममुद्रा नाही. त्याने गवळणीत घेतलेली गिरकी, ढोलकीच्या कोणत्या बोलावर तो थांबत असे, हे वहीत उतरत नाही. एकाच गवळणीवर दोन गावांचे नाच्ये वेगवेगळे पाय टाकतात की एकसारखे, हे आज कोणत्याही ग्रंथात पाहून सांगता येणार नाही. ते सांगू शकणारे वृद्ध कलावंत अजून काही गावांत आहेत, आणि त्यांना वर्षानुवर्षे गाण्यांचे शब्दच तेवढे विचारले गेले आहेत.